खरखरीपलीकडचा आवाज

कवीनं संगणकाच्या साउंड कार्डावर बोलायचं म्हटलं, की ऐकणाऱ्याला हसू येणं साहजिक आहे. माझं शिक्षण मराठी विषय घेऊन बी. ए.पर्यंतचं. भौतिकशास्त्राची आणि माझी गाठ दहावीत पडली आणि दहावीतच सुटली. तरीही आज मी हा विषय निवडला आहे, कारण त्याच्याशी माझ्या आईचा एक शब्द जोडलेला आहे. तो शब्द मी पंचवीस वर्षं चुकीचा ऐकत होतो.

गोष्ट १९८८ सालची. थोरल्या बहिणीचं लग्न होतं. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती. पण हळद जात्यावरच दळायची, असा आमच्या घरचा रिवाज. माळ्यावरचं जातं खाली काढलं, अम्मी आणि खाला समोरासमोर बसल्या आणि ओव्या सुरू झाल्या. मुसलमान घरात ओव्या कशा, असं काही जण विचारतात. जातं फिरवणाऱ्या बाईला गाणं लागतंच, आणि ते ती तिच्या गावाच्या बोलीत गाते. दख्खनच्या सूफींनी तर जात्यावर म्हणायला ‘चक्कीनामे’ रचले होते. मामूंनी कुवेतहून टू-इन-वन आणला होता. मी तो उंबऱ्यावर ठेवला, लाल बटण दाबलं आणि एक बाजू भरेपर्यंत ध्वनिमुद्रण केलं.

अम्मी १९९७ साली गेली. त्यानंतर ती कॅसेट मी पुन्हा पुन्हा ऐकली. एका ओवीत सांजवेळेचं वर्णन आहे. त्यात मला ‘वाट’ हा शब्द ऐकू यायचा. वडील मुंबईला गोदीत कामाला; म्हणजे सांजवेळी अम्मी वाट पाहते, हे मला इतकं स्वाभाविक वाटलं की त्या शब्दावर मी एक कविता लिहिली. ती छापली गेली, संग्रहात आली. लोकांना आवडली. आईची वाट पाहणारी मूर्ती मराठी माणसाला लगेच ओळखीची वाटते.

पुढे कॅसेट झिजायला लागली. ती संगणकावर उतरवून घ्यावी म्हणून मी कामाला लागलो. खरी अडचण तिथून सुरू झाली. हेडफोन लावला की आईच्या आवाजाच्या मागे एक बारीक सूं ऐकू यायचा, मधूनच किर्रर्र व्हायचं, आणि तळाशी एक सतत घुमणारी घरघर. मला वाटलं, कॅसेट जुनी झाली, तिचाच हा दोष. दुकानात गेलो. दुकानदारानं महागातला हेडफोन दाखवला, सगळी खरखर जाईल म्हणाला. मी घेतला. घरी येऊन लावला तर खरखर दुप्पट! पैसे गेल्याचं दुःख होतंच; पण त्याहून मोठी भीती अशी की आईचा आवाज आता यापुढे असाच ऐकायचा की काय.

मग एके रात्री माझ्या मुलीनं एक साधा प्रश्न विचारला. ‘‘अब्बा, काहीच वाजत नसताना हेडफोन लावून बघितलात का?’’ मी लावला. कॅसेट बंद, गाणं बंद. तरीही सूं तसाच, घरघर तशीच. मी माउस हलवला, तर किर्रर्र झालं. म्हणजे निम्मा कचरा कॅसेटमधला नव्हताच. तो संगणकातला होता.

हे असं का होतं, ते आधी थोडक्यात समजून घेऊ. संगणकाच्या पोटात आवाज हा आकड्यांच्या रूपात असतो. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी जे माप ठरलं, त्यात आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक वेळी ती ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. निरोगी तरुण कानाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. आणि कुठलीही लहर नीट पकडायची तर तिच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळा ती मोजावी लागते. म्हणून हा आकडा चाळीस हजारांच्या थोडा वर ठेवलेला. चित्रपट आणि व्हिडिओच्या जगात ४८,००० हे माप चालतं.

पण कानाला आकडे ऐकू येत नाहीत. त्या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करावी लागते, आणि ती लहर हेडफोनचा पडदा हलवू शकेल इतकी बळकट करावी लागते. पहिलं काम परिवर्तकाचं, दुसरं अॅम्प्लिफायरचं. ही दोन्ही कामं जिथे होतात ते साउंड कार्ड. सुरुवातीच्या संगणकांत हे नव्हतंच. होता तो फक्त टूं-टूं करणारा छोटा भोंगा. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं ‘साउंड ब्लास्टर’ आलं आणि संगणक खऱ्या अर्थानं बोलायला-गायला लागला. पुढे हे काम मदरबोर्डवरच्याच एका चिपकडे गेलं. आज बहुतेकांच्या संगणकात वेगळं कार्ड नसतंच.

इथेच मेख आहे. आकडे निर्मळ असतात. एकचा दोन होत नाही, शून्याचं एक होत नाही. पण आकड्यांची लहर झाली की ती नाजूक होते. तिच्या शेजारी प्रोसेसर, पंखे, चित्रपटलाचं कार्ड, वीज पुरवणारा डबा असं सगळं धावपळ करत असतं. त्यांच्या विजेच्या चढउताराचे शिंतोडे या लहरीवर उडतात. माउस हलवला की किर्रर्र का व्हायचं, याचं उत्तर हे. भर बाजारात उभं राहून कुणी कानात गुज सांगावं, तशी त्या लहरीची गत.

आणि महागाच्या हेडफोननं खरखर का वाढली? काही हेडफोन कमी विजेत मोठा आवाज देतात. ते संवेदनशील असतात, आणि म्हणूनच मागचा सूंदेखील ते इमानेइतबारे मोठा करून ऐकवतात. कान तेज झाला, पण बोलणाऱ्याचा घसा होता तसाच राहिला. दोष हेडफोनचा नव्हता.

आता उपाय. मी जसा एकेक करत गेलो, त्याच क्रमानं सांगतो. यातले बहुतेक फुकटचे आहेत.

पहिली पायरी निदानाची. काहीही न वाजवता हेडफोन लावा. माउस हलवा, एखादी मोठी खिडकी उघडा-मिटा. आवाज त्याबरोबर बदलत असेल तर शिंतोडे संगणकाच्या आतून येताहेत. मग आवाजाची पट्टी वरखाली करा. खरखर पट्टीबरोबर वाढत असेल, तर ती पट्टीच्या आधी कुठेतरी मिसळते आहे. पट्टी कुठेही असो, सूं तेवढाच राहत असेल, तर तो शेवटच्या अॅम्प्लिफायरचा आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घरघर थांबली, तर दोष विजेच्या बाजूचा.

दुसरी पायरी जॅक बदलण्याची. मी सोय म्हणून हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या भोकात लावत होतो. त्या भोकापासून मदरबोर्डपर्यंत एक वायर साऱ्या गोंगाटामधून जाते, आणि बऱ्याच कॅबिनेटमध्ये तिला पुरेसं कवच नसतं. मागच्या बाजूचा हिरवा जॅक थेट मदरबोर्डवर असतो. हेडफोन तिथे लावला आणि किर्रर्र जवळजवळ गेली. काही संगणकांत मागच्या जॅकवर हेडफोन थोडा हळू वाजतो. तसं झालं तर ‘काय जोडलं आहे’ या प्रश्नाला ‘हेडफोन’ असं उत्तर द्यायचं. रंग लक्षात ठेवा. हिरवा आवाज बाहेर काढायला, गुलाबी मायक्रोफोनला, निळा बाहेरचं यंत्र जोडायला.

तिसरी पायरी अर्थिंगची. पन्नास कंपनांची ती घुमणारी घरघर आपल्याकडच्या घरांत फार. आपल्या विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं होतात, तिचाच तो सूर. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ते याच्यामुळे. आमच्या घरी तेच निघालं. वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करून घेतलं. दुसरं कारण असं, की संगणक एका सॉकेटला, अॅम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला, आणि दोघांना जोडणारी वायर मध्ये. अशा वेळी दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावीत. घरघर घालवण्यासाठी काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. ते मात्र कधीही करू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी असते.

चौथी पायरी नको ती दारं बंद करण्याची. मायक्रोफोनचा आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकवण्याची सोय अनेक संगणकांत असते आणि ती चुकून चालू राहते. उघड्या राहिलेल्या त्या दारातून काही नाही तरी सूं आत येतच असतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन वापरात नसलेली दारं मिटवून टाका.

पाचवी पायरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे संगणकाची ‘मदत’ नाकारण्याची. विकणाऱ्यांनी आवाज ‘खुलवण्याच्या’ अनेक युक्त्या भरून ठेवलेल्या असतात. कुणी ढोलाचा ठेका फुगवतं, कुणी खोलीत बसल्याचा भास निर्माण करतं, कुणी हळू आणि मोठा आवाज एकाच पातळीवर आणतं. विंडोजमध्ये खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबून साउंड सेटिंग्ज उघडा, आपला हेडफोन निवडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. जुन्या आवृत्त्यांत ‘डिसेबल ऑल’ अशी एक चौकट असते, तिथे खूण करा. तिथेच नमुन्यांचा वेग ठरवायची सोय असते. विंडोज सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळण्यासाठी एकाच वेगावर आणतं. तुम्ही मुख्यतः सीडीवरून उतरवलेली गाणी ऐकत असाल तर तो ४४,१०० ठेवा, व्हिडिओ पाहत असाल तर ४८,०००. फरक फार सूक्ष्म असतो. पण विनाकारण उलथापालथ कशाला?

सहावी पायरी आवाजाच्या पट्ट्यांची. गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रॅमची एक पट्टी, संगणकाची दुसरी, आणि हेडफोनच्या वायरवर किंवा अॅम्प्लिफायरवर कधी कधी तिसरी. नियम साधा. आधीच्या पट्ट्या भरपूर उघड्या, आणि कमी-जास्त करायचं ते शेवटच्या बटणानं. विहिरीजवळच पाणी अडवलं तर शेवटच्या नळाला धार कुठून येणार? शेवटचं बटण नसेल तर प्रोग्रॅमची पट्टी पूर्ण आणि संगणकाची आपल्या कानाला बेताची ठेवा. ‘इक्वलायझर’ वापरायचाच असेल तर हवा तो भाग चढवण्याऐवजी नको तो भाग उतरवा. चढवत गेलं की लहरीचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो.

एवढं सगळं करून माझ्या हेडफोनमधली निम्म्याहून अधिक खरखर गेली, आणि खर्च झाला तो फक्त वायरमनच्या मजुरीचा. उरलेला बारीक सूं अॅम्प्लिफायरचा होता. त्यासाठी मात्र साउंड कार्ड संगणकाच्या पोटातून बाहेर काढावं लागलं. यूएसबीला जोडायचा एक छोटा डबा मिळतो. त्यात परिवर्तक आणि अॅम्प्लिफायर दोन्ही असतात. वायरमधून बाहेर येतात ते आकडे. त्यांची लहर होते ती गोंगाटापासून दूर, बाहेर. फोनमधून हेडफोनचं भोक गेल्यापासून तर करंगळीएवढे परिवर्तक मिळू लागले आहेत आणि तेही चांगलं काम करतात. हेडफोन आणि हा डबा यांचा जोड मात्र जमावा लागतो. हेडफोनच्या खोक्यावर ओहममध्ये एक आकडा असतो. ३२ ओहमचा हेडफोन कशावरही चालतो. २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला जास्त जोर लागतो. आणि डब्याचा स्वतःचा ओहमचा आकडा हेडफोनच्या आकड्याच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे.

आता कॅसेटकडे परत येतो. माझी आणखी एक चूक उघडकीला आली. टेपची वायर मी गुलाबी भोकात लावली होती. ते भोक मायक्रोफोनच्या अगदी क्षीण विजेसाठी असतं. टेपची वीज त्यात गेली की आवाज फाटतो. वायर निळ्या भोकात हवी होती. मग एका जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्या चाचांनी डेकचं हेड स्पिरिटनं पुसून दिलं आणि एका बारीक स्क्रूनं त्याचा कोन जुळवून दिला. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या सावकाश सरकते. हेडचा कोन केसभर चुकला तरी आवाजातल्या वरच्या, तीक्ष्ण कंपनांचा भाग बोथट होतो. ‘ऑडॅसिटी’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेऊन मी ती बाजू नव्यानं उतरवली. आवाज कमाल खुणेच्या बराच खाली राहील अशा बेतानं.

आणि एका दुपारी, सगळं जुळल्यावर, मी ती ओवी ऐकली. जात्याची घरघर होती, बांगड्या होत्या, दोन ओळींमध्ये अम्मीनं घेतलेला श्वास होता. आणि तो शब्द ‘वाट’ नव्हता. तो ‘वात’ होता.

‘ट’ आणि ‘त’ यांत फरक तो काय? जिभेचा शेंडा टाळूला लागतो की दातांना, एवढाच. कानाला तो कळतो जीभ सुटतानाच्या एका क्षणिक स्फोटावरून आणि आजूबाजूच्या स्वराच्या किंचित वळणावरून. स्वर मोठे आणि लांब असतात, ते गोंगाटातही तग धरतात. व्यंजनं असतात सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्शाची, आणि त्यांची ओळख बरीचशी वरच्या कंपनांत असते. बोथट हेड, फाटका आवाज, मागचा सूं यांनी पहिला घाव घातला तो व्यंजनांवर. जिथे ऐकू आलं नाही, तिथे माझ्या मनानं आपल्याला हवं ते अक्षर भरलं.

खात्री करायला मी लॅपटॉप घेऊन गावी गेलो. खाला ऐंशीच्या पुढे गेलेली. तिच्या कानांवर हेडफोन ठेवला. तिनं डोळे मिटून ऐकलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, ‘‘वाट कुठली रं? वात. पिराच्या म्होरल्या दिव्याची. दर जुम्मेरातीला लावायची ती.’’ मी म्हटलं, ‘‘मी तर कविता लिहिली, अम्मी अब्बांची वाट बघते म्हणून.’’ तर खाला हसली. ‘‘तिला कुठला वेळ वाट बघायला? शेत कोण बघणार? तुमची शाळा कोण बघणार?’’

परतीच्या एसटीत मी गप्प होतो. मी आईला उंबऱ्यावर ताटकळत बसवलं होतं, आणि ती तर उठून दिवा लावायला गेली होती. मूळ कविता मी मागे घेतलेली नाही. ती लिहिणाऱ्या मुलाची आहे, आईची नाही. पण पुढच्या आवृत्तीत तिच्याखाली मी खालाचा शब्द छापणार आहे.

जाता जाता दोन सावधगिरीच्या गोष्टी. खरखर काढणारे प्रोग्रॅम मिळतात. मीही मोहात पडून वापरला. टेपचा सूं गेला, पण त्याबरोबर ‘स’ आणि ‘श’ गेले, आणि अम्मीचा श्वासही गेला. म्हणून मूळ प्रत जशीच्या तशी जपा, सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. आणि कानांना जपा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. मागची खरखर गेली की आवाज मोठा करावाच लागत नाही. स्वच्छ ऐकण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा.

गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या राहिल्या. पण अजून कितीतरी घरांत, ट्रंकेच्या तळाशी, कुणाच्या तरी आईच्या आवाजाची एखादी कॅसेट पडून असेल. ती काढा. हेड पुसा, वायर निळ्या भोकात लावा, हेडफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. आणि ऐकताना, जे ऐकू येईल तेच ऐका. आपल्याला हवं ते त्यात भरू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)